केकवरचा गुलाब आणि फ्रीजमधलं भांडं

केक डेकोरेशनच्या क्लासचा पहिला दिवस. एका फ्लॅटचा हॉल, सोफे भिंतीला सरकवलेले, आम्ही 8 जणी आणि प्रत्येकीसमोर एक टर्नटेबल. मॅडमनी सहज विचारलं, "ड्रॉइंग कोणाकोणाचं चांगलंय?" दोघींचे हात वर गेले, बाकीच्यांचे चेहरे पडले. दुपारी सगळ्यांची ताटं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा सर्वांत सुबक फुलं निघाली ती चेहरा पडलेल्यांतल्याच एका मावशींची. साठी ओलांडलेल्या, चित्रकलेशी संबंध शाळेतच सुटलेला. पण दर उन्हाळ्यात गच्चीवर बसून गव्हाच्या कुरडया घालायची वर्षानुवर्षांची सवय. सोऱ्या कधी दाबायचा आणि कधी थांबायचं हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. नोझल म्हणजे सोऱ्याचंच धाकटं भावंड.

"माझ्या हातात कलाच नाही" हे वाक्य म्हणून मी आता गंभीरपणे घेत नाही. पायपिंगमध्ये सांभाळायच्या गोष्टी तीन: बॅगेचा कोन, नोझलचं केकपासूनचं अंतर आणि दाब. चांदणी काढायची तर बॅग सरळ उभी, 90 अंशांत. शिंपल्यांची किनार काढायची तर साधारण 45 अंशांत तिरकी. नवशिक्यांच्या फुलांना जी शेंडी येते ती दाब थांबवायच्या आधीच हात उचलल्यामुळे. आधी दाब सोडायचा, मग नोझल वर घ्यायचं, शेंडी जाते. ज्यांनी मेंदीचा कोन धरलाय त्यांना हे सांगावंही लागत नाही.

सरावासाठी दरवेळी केक लागतो हीसुद्धा भलतीच समजूत. स्टीलचं ताट पालथं घालायचं, त्यावर फुलं काढायची, पॅलेट नाइफने खरवडून क्रीम परत बॅगेत भरायचं. क्रीम सैल पडेपर्यंत तेच क्रीम पुन्हा पुन्हा चालतं. उन्हाळ्यात डालडा आणि आयसिंग शुगर एकत्र फेटून घेतलं तर ते तितकं लवकर वितळत नाही. फक्त ते खायचं नाही, आणि घरातल्या लहानांना तसं आधीच सांगून ठेवायचं.

घरच्या टेबलाशी बसून हे शिकवायची पद्धत काही नवी नाही. ड्यूई मॅकिन्ली विल्टन नावाच्या मिठाई बनवणाऱ्या गृहस्थांनी 1929 साली शिकागोत केक सजावटीचे वर्ग सुरू केले, तेही स्वतःच्या घरातल्या जेवणाच्या खोलीत. आज दुकानात आपण '1एम द्या', '2डी आहे का' असं विचारतो, ते विल्टनच्या घरचे क्रमांक. स्वस्तातल्या नकलांवरही तेच क्रमांक कोरलेले असतात.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या क्लासनंतर मी घरी येऊन मोठ्या हौसेने क्रीम फेटलं. मे महिना, दुपारी 3 ची वेळ, पंखा बंद, कारण आयसिंग शुगर उडते. गुलाब काढले आणि पाहता पाहता त्यांचे शेवंतीसारखे, मग शेणाच्या गोवऱ्यांसारखे आकार झाले. नणंद म्हणाली, "हळूहळू जमेल गं, हात बसायला हवा." दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजता, त्याच हाताने, त्याच खोक्यातलं उरलेलं क्रीम फेटलं. गुलाब तासभर ताठ उभे. एका रात्रीत हात बसत नसतो. बदललं होतं ते तापमान.

क्रीम फेटतो म्हणजे आपण त्यात हवा कोंडतो. त्या हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवतात स्निग्धांशाचे कण, आणि ते धरून ठेवतात तोवरच, जोवर ते थंड आणि बऱ्यापैकी घट्ट आहेत. ऊन लागलं की भिंती मऊ पडतात, बुडबुडे फुटतात, गुलाब बसतो. म्हणून क्रीमइतकंच भांडंही फ्रीजमध्ये हवं आणि बीटरची पातीही. गोठलेलं खोकं ओट्यावर सोडून वितळवायचं नाही, रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. फेटताना भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात. वेग मध्यम, कारण घाईने फेटलं तर बुडबुडे मोठे आणि कच्चे होतात, मग फिनिशिंग करताना पृष्ठभागावर भोकं दिसतात. बॅगही अर्धीच भरायची. तळहाताची ऊब क्रीमला पुरते. आठ-दहा फुलं झाली की बॅग पाच मिनिटं फ्रीजमध्ये.

कधी थांबायचं हे घड्याळ सांगत नाही. पातं उचलून पाहायचं. क्रीमचं टोक अलगद वाकलं तर ते केकवर लेपायला योग्य, टोक ताठ उभं राहिलं तर फुलांना. इथेच सगळ्यांची चूक होते: फुलांचं ताठ क्रीम घेऊन केक गुळगुळीत करू पाहतात आणि मग स्क्रॅपरला दोष देतात. जास्त फेटलं गेलं तर? वनस्पती तेलाचं क्रीम खरबरीत, भुसभुशीत होतं. त्यात दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम हाताने मिसळलं की बहुतेक वेळा सावरतं. दुधाचं क्रीम जास्त फेटलं तर त्याचं लोणी होतं आणि बाजूला पाणी सुटतं, आणि मराठी घरात त्याला अपयश म्हणायचं काही कारण नाही.

हे 'वनस्पती तेलाचं' आणि 'दुधाचं' वाचून कोणी थबकलं असेल. "फ्रेश क्रीम केक म्हणजे दुधाच्या सायीचा केक" हा गैरसमज आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांनीच जोपासलाय. बेकऱ्यांत आणि क्लासमध्ये बहुतेक वेळा वापरतात ते 'नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग', म्हणजे पाम किंवा पाम कर्नल तेलासारखा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ, पाणी, साखर आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारी द्रव्यं. खोक्यावरची घटकांची यादी वाचली की कळतं. याचा उगम अमेरिकेतल्या बफेलो शहरात. रॉबर्ट रिच यांनी 1945 मध्ये सोयाबीनपासून क्रीमला पर्याय तयार केला. विक्रीसाठी दाखवायला नेताना तो टिकावा म्हणून शुष्क बर्फात ठेवला, तर पोचेपर्यंत तो गोठून दगड झालेला. वितळवून फेटून पाहिला तर छान फुलला. दगडासारखं गोठलेलं खोकं फ्रीजरमधून काढताना मला हा प्रसंग हमखास आठवतो. आपल्याकडे अजूनही कित्येक जणी कुठल्याही कंपनीच्या क्रीमला 'रिच क्रीम' म्हणतात.

हे क्रीम वाईट का? चहाच्या टेबलावर यावरून भांडणं होतात. ते फेटल्यावर तिप्पट-चौपट फुलतं, उष्णतेत दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त टिकतं, म्हणून शिकायला बरं. ट्रान्स फॅटबद्दल म्हणाल, तर भारतात 2022 पासून खाद्यतेलं आणि स्निग्ध पदार्थांत त्याची मर्यादा 2 टक्के आहे. संपृक्त चरबी मात्र या क्रीममध्ये भरपूर असते, आणि चवीला ते सायीच्या जवळपासही जात नाही. मी शिकताना हे वापरते, आणि घरच्यांसाठी केक असेल तर दुधाचं व्हिपिंग क्रीम आणते. यातली उलटी चूकही बघा: आणीबाणीत कोणीतरी भाजीत घालायचं फ्रेश क्रीम फेटायला घेतं. अमूलच्या त्या खोक्यावर फॅट 25 टक्के लिहिलेलं असतं. ताठ उभं राहायला 30 ते 35 टक्के तरी लागतं. बीटर जळेल, क्रीम फुलणार नाही.

तापमानाचा हाच नियम स्पंजलाही. भट्टीतून काढला आणि लगेच सजवला, असं व्हिडिओत दिसतं कारण मधले तास कापलेले असतात. कोमट स्पंजवर क्रीम सरकतं आणि चाकू लावला की भुगा सुटतो. स्पंज गार करून, गुंडाळून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर थर स्वच्छ कापले जातात. मग साखरपाणी, आणि त्यावर पहिला पातळ हात, ज्याला क्रम कोट म्हणतात. त्याचं काम दिसणं नाही, भुगा धरून ठेवणं आहे. अर्धा तास गार झाल्यावर दुसरा हात. भिंतीला आधी प्रायमर मारतात तसंच. बिनअंड्याचा स्पंज साखरपाण्याशिवाय कोरडा लागतो, पण वाटीभर ओतलंत तर खालचा थर बसतो, ब्रशने किंवा चमच्याने थोडं थोडं.

सामानाबद्दल फार बोलायला नको. टर्नटेबल, कोनात वाकलेला पॅलेट नाइफ, एक सरळ स्क्रॅपर, बॅगा आणि 3 नोझल: 1एम, एक बारीक गोल, एक पानाचं. चोवीस नोझलच्या संचातली वीस डब्यातच राहतात, हे कोणतीही अनुभवी बाई सांगेल. ओव्हनही नसला तरी चालेल, कारण बेकरीतून साधा स्पंज आणून त्यावर शिकता येतं. सजावट आणि भाजणं ही दोन वेगळी कामं आहेत.

रंगाचं काय? गडद लाल हवा म्हणून बाटली पालथी करणं हा सर्वांत महागडा गैरसमज, कारण क्रीम कडू होतं, सैल पडतं आणि पाहुण्यांच्या जिभा लाल होतात. जेल रंग वापरायचा, हव्या त्या छटेच्या थोडं आधीच थांबायचं आणि क्रीम काही तास फ्रीजमध्ये ठेवायचं. छटा आपोआप गडद होते. काळ्यासाठी पांढऱ्या क्रीमपासून नव्हे, कोको घातलेल्या चॉकलेट क्रीमपासून सुरुवात करायची. चॉकलेटात मात्र हा जेल रंग चालत नाही. त्यातल्या पाण्याच्या थेंबांनीही वितळलेलं चॉकलेट दाणेदार गोळा होऊन बसतं. तिथे तेलात मिसळणारे रंग लागतात. अर्थात क्लासमध्ये येतं ते बहुधा कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी असलेलं. ते वितळवलं, ओतलं, जमलं. खऱ्या चॉकलेटला चमक हवी असेल तर तापमान ठरावीक टप्प्यांनी उतरवावं-चढवावं लागतं. तो वेगळा अभ्यास, पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नये.

"फाँडंट आलं म्हणजे केक डेकोरेशन आलं" असं मानणारेही पुष्कळ. फाँडंट म्हणजे साखरेची कणीक, मळायला उकडीसारखी. ते व्हिप्ड क्रीमवर घातलं तर क्रीममधला ओलावा शोषून चिकट होतं आणि खाली घसरतं. त्याच्याखाली बटरक्रीम किंवा गनाश हवं. डार्क चॉकलेट 2 भाग आणि क्रीम 1 भाग हे झाकायच्या गनाशचं प्रमाण. पांढऱ्या चॉकलेटला 3 भाग लागतात. फाँडंटला दमट हवा सोसत नाही. जुलैतल्या मुंबईत फ्रीजमधून काढलेला फाँडंटचा केक पाच मिनिटांत घामाघूम होतो, आणि तो पुसायला गेलात तर बोटांचे ठसे राहतात.

आता एक गैरसमज, ज्याला मी खरोखर घाबरते: "केकच्या दुकानात मिळतं म्हणजे खाता येतं." चमकीच्या डब्यांवर कधी 'एडिबल' लिहिलेलं असतं, कधी नुसतं 'नॉन-टॉक्सिक'. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी चमकी शोभेच्या, काढून टाकायच्या वस्तूंसाठी असते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये 2018 साली वाढदिवसाचा केक खाऊन 6 मुलांना उलट्या झाल्या. वरच्या गुलाबी-सोनेरी भुकटीत तांब्याचं प्रमाण प्रचंड निघालं. म्हणून डब्यावर घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा क्रमांक नसेल तर तो डबा मी परत ठेवते, मॅडमनी सुचवलेला असला तरी.

ताज्या फुलांचंही तेच. अंगणातली गुलाबी कण्हेर फोटोत फार गोड दिसते, आणि तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तशीच. फूलवाल्याकडचे गुलाब खाण्यासाठी वाढवलेले नसतात, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. लावायचेच तर देठाला वेष्टण घालून, केकला न टेकवता.

क्लास निवडताना लोक फोन करून विचारतात, "किती डिझाइन्स शिकवता?" प्रश्न चुकलाय. विचारायचं ते हे: डेमो आहे की हँड्स-ऑन? डेमोमध्ये मॅडमचा केक सुंदर होतो, आपला नाही. हँड्स-ऑन असेल तर प्रत्येकीला वेगळं क्रीम मिळतं का, आणि ते फेटायला आपल्यालाच देतात का? माझ्या पहिल्या क्लासमध्ये क्रीम तयार फेटून बॅगेत भरून हातात ठेवलं होतं, एसी चालू होता, फुलं सुरेख आली. घरी काय झालं ते वर सांगितलंच. 'एका दिवसात 15 केक' अशी जाहिरात असेल तर त्या दिवसात तुम्ही स्वतः किती केक पूर्ण करणार, ते विचारून घ्या.

आणि एका क्लासवर व्यवसाय सुरू होतो का? ऑर्डर मिळू शकते, मैत्रिणी प्रेमळ असतात. पण घरून विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिचा 14 आकडी क्रमांक मिळतो. किंमत काढताना मैदा-साखर सगळेच धरतात. वीज, खोकं, बोर्ड आणि स्वतःचे चार तास मात्र विसरतात. शिवाय पहिल्या ऑर्डरला सर्वांत मोठी परीक्षा असते ती पोचवण्याची. मांडीवर धरलेला केक सुरक्षित असतो असं सगळ्यांना वाटतं. मांडी तिरकी असते आणि उबदारही. गाडीत केकची जागा पुढच्या सीटच्या समोर, पायाशी, सपाट फरशीवर, एसी चालू ठेवून. रिक्षा असेल तर केक रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट झालेला हवा, बोर्ड खोक्याच्या मापाचा हवा, आणि रिक्षावाल्या काकांना स्पीडब्रेकरच्या आधीच सांगायचं, नंतर नाही.