किती घोडे हवेत, ते लाट सांगते

पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर धावणारी एखादी मध्यम आकाराची मोटार घ्या. वजन सव्वा टनाच्या आसपास, इंजिन साधारण ११५-१२० अश्वशक्तीचं. आता १९६०-७० च्या दशकांतली 'ग्रँड बँक्स ३६' ही सफरी बोट घ्या. आधी हाँगकाँगमध्ये आणि पुढे सिंगापुरात बांधली गेलेली, ३६ फूट लांबीची, जवळपास १२ टन वजनाची. आत झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर सुकाणूची केबिन. म्हणजे तरंगता संसारच. यांतल्या कितीतरी बोटींत एकच इंजिन असे: फोर्ड लेहमन, १२० अश्वशक्ती.

मोटारीच्या दहापट वजन, आणि घोडे तेवढेच! आणि ही बोट काही रडतखडत जायची नाही. ठरल्या वेगाने दिवसेंदिवस कुरकुर न करता पाणी कापायची. याच आकाराची बोट दुप्पट-तिप्पट वेगाने पळवायची म्हटलं, तर मात्र शे-सव्वाशे घोड्यांनी भागत नाही, शेकडो लागतात. असं का, याचं उत्तर इंजिनाच्या पोटात सापडत नाही. ते बोटीबाहेर, तिच्या कुशीला चिकटून धावणाऱ्या लाटेत आहे.

बोट चालू लागली की तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी बाजूला सारते आणि तिथे एक उंचवटा उठतो. त्याच्या मागे खळगा, मग दुसरा उंचवटा. ही लाट बोटीच्या वेगानेच धावते. आणि पाण्याचा नियम असा, की लाट जितकी वेगवान तितकी ती लांब. वेग दुप्पट झाला की लाटेची लांबी चौपट होते. पाण्याच्या रेषेवर ४९ फूट लांब असलेली मोठी हौशी बोट डोळ्यांसमोर आणा. ५ नॉटला, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरला, तिची लाट असते जेमतेम १४ फुटांची. बोट अशा साडेतीन लाटांवर आरामात टेकलेली असते. ७ नॉटला लाट २७ फूट होते. ९.४ नॉटला ४९ फूट, म्हणजे थेट बोटीएवढी! आता एक उंचवटा नाळेशी, दुसरा पिछाडीशी, आणि मधल्या खळग्यात बोट झोळीत बसल्यासारखी बसलेली. याहून वेग वाढवला की मागचा उंचवटा आणखी मागे सरकतो, पिछाडीखालचा आधार जातो, पिछाडी खळग्यात बसते आणि नाळ आभाळाकडे बघू लागते. आता बोट पुढे जात नसते, स्वतःच उठवलेली टेकडी चढत असते. आणि टेकडीही तिच्याबरोबर पळत असते, त्यामुळे माथा कधी येतच नाही.

बोटींच्या जगातलं एक साधं सूत्र इथूनच आलं आहे: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत मोजा, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. आला तो नॉटमधला नैसर्गिक वेग. ४९ चं वर्गमूळ ७, गुणिले १.३४, बरोबर ९.४. या लाटांचं गणित प्रयोगाच्या टेबलावर आणलं ते विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. १८७२ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्की इथे त्याने पाण्याचा लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. खेळण्यातल्या जहाजाच्या लाटांवरून खऱ्या जहाजाला किती जोर लागेल, हे काढायची रीत त्याने दाखवली. आजही मोठं जहाज बांधण्याआधी त्याचं पिल्लू हौदात पोहतं.

आता हिशेब करू. आपली ४९ फुटी बोट ३० टनांची धरली, तर बोटबांधणीतल्या ढोबळ सूत्रांनी ७ नॉटला सुमारे ५५ अश्वशक्ती पुरते. ८ नॉटला ८०. ९.४ नॉटला १३०. म्हणजे शेवटच्या अडीच नॉटसाठी ताकद दुपटीहून जास्त! आणि २० नॉट हवे असतील, तर तळाची घडणच वेगळी लागते. सपाटीकडे झुकणारा तळ, जो बोटीला स्वतःच्या लाटेवरून वर उचलून पाण्यावर घसरत नेतो. त्यासाठी ९०० च्या आसपास अश्वशक्ती लागते.

डिझेल इंजिन ताशी एक लिटर इंधनात साधारण पाच अश्वशक्ती देतं, हा ठोकताळा लक्षात ठेवला तर पुढचं चित्र आपोआप उभं राहतं. मुंबईहून गोव्याचा समुद्रमार्ग सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचा. ७ नॉटने गेलात तर एक दिवस, एक रात्र आणि वर थोडा वेळ. डिझेल साडेतीनशे लिटरच्या आसपास. २० नॉटने गेलात तर सकाळी निघून संध्याकाळी पोहोचाल, पण डिझेल दोन हजार लिटर. म्हणून जाणकार नौकाबांधणी करणारा तुम्हाला इंजिनाचं नाव आधी विचारत नाही. तो विचारतो, "घाई किती आहे?"

पण डिझेलच का? पेट्रोलचं इंजिन हलकं असतं, स्वस्तही पडतं. कारण एक तर सुरक्षितता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती वाऱ्यावर उडून जाते, पण बोटीचा तळ म्हणजे वाटीच. वाफ तिथे साचते आणि एका ठिणगीची वाट बघत बसते. डिझेल नेहमीच्या तापमानाला अशी पेटणारी वाफ सोडत नाही. दुसरं कारण रुडॉल्फ डिझेलच्या मूळ कल्पनेत आहे. त्याच्या इंजिनात ठिणगी नसतेच. पिस्टन हवा इतकी दाबतो, पंधरा-वीस पटींनी, की ती स्वतःच पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपसूक पेटतं. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तीच गोष्ट टोकाला नेलेली. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी २६ टक्के ऊर्जा कामी आली. वाफेच्या इंजिनांना त्या काळी याच्या निम्मं गाठतानाही दम लागे. पाण्याने ही युक्ती लगेच उचलली. १९०३ साली फ्रान्सच्या कालव्यांवर 'पेती-पिएर' ही डिझेलवरची बोट धावू लागली, आणि १९१२ साली डेन्मार्कचं 'सेलांडिया' हे डिझेलवर चालणारं जहाज महासागरात उतरलं. नियतीचा खेळ असा, की खुद्द डिझेल १९१३ च्या सप्टेंबरात बेल्जियमहून इंग्लंडला जाताना समुद्रातच नाहीसा झाला, आणि तोही वाफेवर चालणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून.

आता गंमत पहा. हौशी बोटींतली बरीचशी इंजिनं समुद्रासाठी जन्मलेलीच नसतात. फोर्ड लेहमनमधलं 'फोर्ड' हे ब्रिटनमध्ये ट्रक आणि शेतीयंत्रांसाठी बनलेलं ६.२ लिटरचं इंजिन. लेहमन या अमेरिकी कंपनीने त्याला समुद्राचे संस्कार दिले. मँचेस्टरजवळच्या गार्डनर कंपनीचं '६ एलएक्सबी' ब्रिटिश बसगाड्यांत धावलं आणि मच्छीमार बोटींतही. आपल्या किनाऱ्यावरही ट्रकच्या घराण्यातली इंजिनं ट्रॉलरच्या पोटात धडधडताना ऐकू येतात.

समुद्राचे संस्कार म्हणजे काय? ट्रकच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? पण भोवती थंड पाण्याचा अथांग साठा. फक्त ते खारं, लोखंड खाणारं. म्हणून दोन प्रवाह ठेवतात. इंजिनात फिरतं ते गोडं पाणी. समुद्राचं पाणी पंपाने आत येतं, नळ्यांच्या जुडग्यातून जाताना गोड्या पाण्याची उष्णता उचलतं आणि बाहेर पडतं. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये धातूची पातळ भिंत. त्या वाटेवर जस्ताचा एक तुकडा मुद्दाम बसवलेला असतो. खारं पाणी इंजिनाऐवजी आधी त्याला खातं. दर मोसमात बदलायचा हा बळीचा बकरा. आणि बाहेर पडण्याआधी हेच समुद्राचं पाणी धुराच्या नळीत सोडतात, त्यामुळे चारशे-पाचशे अंशांचा धूर इतका निवतो की पुढची नळी चक्क रबराची चालते! बोटीच्या पिछाडीतून धुरासोबत पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, त्या याच. त्या थांबल्या, की इंजिन लगेच बंद करायचं. बहुधा पंपातलं, तळहातावर मावेल असं रबरी इंपेलर फाटलेलं असतं, किंवा पाणी ओढायच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसलेली असते.

मग येतो सगळ्यांत फसवा आकडा: अश्वशक्ती. कमिन्सचं 'क्यूएसएम ११' हे १०.८ लिटरचं इंजिन ३०० अश्वशक्तीचंही मिळतं आणि ७१५ चंही. पिंड एकच. फरक आहे तो इंधन किती सोडायचं, हवा किती ठासायची आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडून कसं आयुष्य जगवून घ्यायचं, यात. ३०० वालं दिवसरात्र ओझं ओढायला, माल वाहणाऱ्या आणि मासेमारीच्या बोटींसाठी. ७१५ वालं हौशी मालकासाठी, जो वर्षातून काहीशे तास बोट काढणार आणि आठ तासांत एखादा तास पूर्ण जोर मागणार. एक हमाल, दुसरा शंभर मीटर धावणारा. म्हणून कंपनीच्या पत्रकातला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले तास वाचा. (हीच कमिन्स पुणेकरांना परकी नाही. १९६२ साली 'किर्लोस्कर कमिन्स' ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे कोथरूडमध्ये तिची इंजिनं बनू लागली.)

काळ किती बदलला, तेही बघा. ६.२ लिटरच्या जुन्या लेहमनमधून निघत १२० घोडे. व्होल्वो पेंटाच्या 'डी ६' मधून, ५.५ लिटरच्या इंजिनातून, निघतात ४८०. लिटरला १९ वरून ८७. टर्बो हवा कोंबतो, ती हवा गार करून घट्ट केली जाते आणि केसाएवढ्या छिद्रांतून प्रचंड दाबाने डिझेल फवारलं जातं. हलकं, शांत, कमी धुराचं. पण त्याचा मेंदू इलेक्ट्रॉनिक. बंदरापासून लांब तो रुसला तर पाना घेऊन काही होत नाही, लॅपटॉपवाला माणूस लागतो. जुन्या इंजिनाला स्वच्छ डिझेल, हवा आणि थोडं गोडीगुलाबीने वागवणं पुरतं. लांबच्या सफरींवर जाणारे म्हणूनच अजून जुन्याची चौकशी करतात.

इंजिन एक की दोन? दोन असली तर धक्क्याला लावताना बोट जागच्या जागी वळते, आणि एक बंद पडलं तरी दुसरं घरी आणतं. पण डिझेल घाण निघालं तर दोन्ही एकदमच मरतात. अमेरिकी नौदलातले कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनी 'पॅसेजमेकर' ही ५० फुटी बोट सिंगापुरात बांधून घेतली आणि १९६३ साली ती एकाच इंजिनावर ग्रीसपर्यंत नेली. अडीअडचणीला शिडं होती. १९७५ साली त्यांनी यावर 'व्हॉयेजिंग अंडर पॉवर' हे पुस्तक लिहिलं, आणि संथ गतीने महासागर ओलांडणाऱ्या छोट्या बोटींची एक परंपराच उभी राहिली.

शेवटी, इंजिन कितीही चांगलं असो, पाण्याशी हात मिळवतो तो पंखा. मोठा पंखा हळू फिरला तर पाणी नीट ढकलतो; छोटा पंखा जोरात फिरला तर नुसताच घुसळतो. म्हणून मध्ये गिअर असतो, जो इंजिनाचे दोन-तीन फेरे पंख्याच्या एका फेऱ्यात बदलतो. पंखा बरोबर आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. बोटीत डिझेल, पाणी, माणसं, सामान सगळं भरा, खोल पाण्यात जा, पूर्ण जोर द्या. इंजिनाने पत्रकातल्या कमाल फेऱ्या गाठल्या पाहिजेत. २५०० लिहिलंय आणि २२०० वरच अडकलं, मागून काळा धूर आला, तर पंख्याचा पीळ जास्त आहे. इंजिन चौथ्या गिअरमध्ये घाट चढतंय. असं इंजिन आयुष्यभर धापा टाकत अकाली मरतं, आणि मालक कंपनीला शिव्या देत राहतो.

जुनी बोट विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं: इंजिन थंड असताना, स्वतःच्या समोर सुरू करायला सांगावं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवत असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे ओझं जास्त किंवा हवा कमी, आणि न थांबणारा पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत शिरतंय. आणि तास कमी दिसले म्हणून खूश होऊ नये. डिझेल इंजिन कामाने कमी आणि धक्क्याला नुसतं पडून राहिल्याने जास्त बिघडतं.

बोट घ्यायची नसली तरी एक करा. पुढच्या वेळी गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसाल, तेव्हा कठड्याला टेकून बाजूचं पाणी बघा. नाळेशी उठलेल्या लाटेचा दुसरा उंचवटा कुठे येतो ते शोधा. तो बोटीच्या मध्याजवळ असेल, तर लाँच आरामात चालली आहे. तो पिछाडीपाशी पोहोचला असेल, तर तांडेलाने हँडल आणखी पुढे ढकलूनही तुम्ही फार लवकर पोहोचणार नाही. डिझेल तेवढं जास्त जळेल.