झाकण पुन्हा बसते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एकदा नजर टाका. वर नाव एक आणि आत माल दुसराच, असा एखादा तरी डबा तिथे सापडेल. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असेल, दुधाच्या पावडरीच्या डब्यात धने असतील. आमच्या घरी डालड्याच्या पिवळ्या डब्यात तुरीची डाळ असायची. डालडा आपल्या देशात १९३७ साली आला. त्यातले तूप संपले तरी डबा काही घराबाहेर गेला नाही. कुणी त्यात तुळस लावली, कुणी तो न्हाणीघरात नेला, कुणी दाणे ठेवले.

डबा टाकायचा की ठेवायचा, हे आपण कशावरून ठरवतो? माझी अम्मी रिकामा डबा हातात घेतला की आधी त्याचे झाकण लावून पाहायची. गच्च बसले तर डबा घरात राहायचा, नाहीतर भंगारवाल्याकडे जायचा. डब्याचा पुढचा जन्म झाकणावर ठरायचा. आज मी या पुन्हा बसणाऱ्या झाकणाविषयी बोलणार आहे. विषय वाटतो तेवढा लहान नाही. आमच्या नात्यागोत्यात एका झाकणापायी एक पोरगे मरता मरता वाचले आहे. ती गोष्ट पुढे सांगतोच.

मुळात पत्र्याचा डबा पुन्हा बंद करायचा असा विचार कुणी केलाच नव्हता. तो एकदाच उघडण्यासाठी जन्माला आला. नेपोलियनच्या काळात फ्रान्सच्या सरकारला सैन्यासाठी टिकाऊ अन्न हवे होते. निकोला आपेर नावाच्या हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट बसवली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन् महिने टिकले. १८१० साली त्याला बारा हजार फ्रँकांचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँडने काचेऐवजी कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे डबे वापरण्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते, हे या दोघांनाही ठाऊक नव्हते. उष्णतेने आतले जंतू मरतात आणि बंद डब्यात नवे शिरत नाहीत, हा उलगडा पुढे अर्धशतकाने पाश्चरच्या प्रयोगांनी झाला.

गंमत अशी, की डबा निघाला तरी तो उघडण्याचे हत्यार निघाले नव्हते. सुरुवातीचे डबे जाड पत्र्याचे. ते छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने डबा कापण्याच्या हत्याराचे पेटंट घेतले ते १८५८ साली, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी. बंद कसे करायचे ते माणसाला आधी कळले, उघडायचे कसे ते नंतर, आणि उघडल्यावर पुन्हा बंद कसे करायचे याचा विचार त्याहून नंतर झाला.

याचे कारण डब्याच्या बांधणीत आहे. आंब्याच्या रसाचा किंवा अननसाचा डबा घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवा. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत दुमडून दाबलेली असते, पदराला पदर मुडपून शिवावा तशी. मध्ये रबरासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. हवासुद्धा आत जाऊ नये अशी ही शिवण. एकदा ती कापली की घरी कुणालाही पुन्हा घालता येत नाही.

दुधाच्या पावडरीच्या डब्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या तोंडाशी पत्र्याचे एक कडे असते आणि त्या कड्यात ताटलीसारखे झाकण दाबून बसवलेले असते. चमच्याची दांडी कडेखाली घालून उचकले की ते टप्पकन वर येते. तळव्याने दाबले की पुन्हा बसते. पत्र्याला पत्रा घट्ट घासतो, एवढ्यावरच ते टिकून राहते. रंगाच्या डब्यांनाही हेच झाकण असते. पण अशा पावडरीच्या डब्यात झाकणाखाली बहुधा एक चंदेरी पापुद्राही असतो. कारखान्याने दिलेली हमी त्या पापुद्र्यात असते. तो फाडला की हमी संपली. त्यानंतर वरचे झाकण धूळ, मुंग्या आणि बरीचशी दमट हवा अडवते. त्याचे काम तेवढेच.

शीतपेयाच्या डब्याचे कोडे आणखी अवघड. त्याची भिंत माणसाच्या केसाएवढी पातळ असते, साधारण एक दशांश मिलिमीटर. आत वायूचा दाब असतो, साधारण मोटारीच्या चाकातल्या हवेएवढा. ऊन लागले की तो आणखी वाढतो. म्हणून वरचे झाकण भिंतीपेक्षा जाड करतात. १९५९ साली ओहायोमधला अर्मल फ्रेझ सहलीला गेला आणि डबे उघडण्याचे हत्यार घरीच विसरला. शेवटी मोटारीच्या बंपरवर आपटून डबे उघडावे लागले. त्या फजितीतून त्याने ओढून काढायची कडी शोधली आणि १९६३ साली तिचे पेटंट घेतले. पण लोक त्या कड्या कुठेही टाकू लागले आणि त्यांनी अनवाणी पाय कापू लागले. १९७५ साली डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली. आज आपण वापरतो ती हीच. तीही फक्त उघडते, बंद करत नाही. जपानात २००० सालच्या सुमारास फिरकीचे झाकण असलेल्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या बाजारात आल्या. युरोपात डब्याच्या माथ्यावर प्लॅस्टिकची सरकती पट्टी बसवून पाहिली. पण अशा झाकणाने खर्च वाढतो. शिवाय डबा वितळवताना ते प्लॅस्टिक आडवे येते.

आणि झाकण पुन्हा बसले तरी गेलेला वायू थोडाच परत येतो? परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात गोटी सोडा पिताना लहानपणी हे मला पहिल्यांदा कळले. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली काढली. गळ्यात काचेची गोटी आणि वर रबराचे कडे. आतला वायूच गोटीला वर दाबून धरतो आणि बाटली बंद राहते. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्स! मी अर्धी बाटली पिऊन ती उलटीसुलटी करत गोटी परत वर बसवायला बघत होतो. सोडेवाले चाचा हसून म्हणाले, "बेटा, जोर गेला. आता ती नाही बसायची." कारखान्यात वायू भरला की तीच गोटी पुन्हा बसते. घरी नाही.

चाचांचे ते वाक्य सगळ्या झाकणांना लागू आहे. झाकण बसवले तर नवे काही आत जात नाही, पण आत आधीच शिरलेले बाहेरही येत नाही. आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. डब्याच्या बाबतीत ही म्हण उघडण्याआधीपुरतीच खरी. टोमॅटोचा किंवा अननसाचा डबा उघडून, वर ताटली ठेवून तसाच फ्रिजमध्ये ठेवू नये. हवा लागली की आंबट पदार्थात डब्याचे कथील जास्त वेगाने उतरू लागते. उरलेले काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावे. दुधाच्या पावडरीत ओला चमचा घालू नये. आणि बाळाला पावडरीचे दूध द्यायची वेळ आलीच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही पावडर निर्जंतुक नसते, न उघडलेल्या डब्यातलीसुद्धा. म्हणून पाणी उकळून, ते सत्तर अंशांखाली जाण्याआधी त्यात पावडर कालवावी आणि मग दूध निववून पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगून ठेवले आहे.

आता ती गोष्ट. १९८० च्या आसपासची. माझ्या मामूंचे शेत पाथरी तालुक्यात. काळी जमीन, कापसाचे पीक. त्या काळात फवारणीसाठी एंड्रीन वापरत. नाव इतके घरोघरी झालेले, की कुठल्याही विषारी औषधाला लोक एंड्रीनच म्हणायचे. ते पत्र्याच्या डब्यात यायचे आणि डब्याला फिरकीचे झाकण असायचे. थेंब गळणार नाही असे सुरेख झाकण. औषध संपले की मामू रिकामा डबा गोठ्यामागे टाकत.

मामूंच्या सालगड्याच्या बायकोने त्यातला एक डबा उचलला. राखेने घासला, गरम पाण्याने चारदा विसळला, आठवडाभर उन्हात ठेवला. वास गेला. झाकण गच्च बसत होते. मग तिने त्यात करडईचे तेल भरले. आठ-दहा दिवसांनी तिच्या सात वर्षांच्या पोराला आकडी आली. तोंडाला फेस, हातपाय ताठ. घरात आणखी दोघांना मळमळ आणि भोवळ. कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. मामूंनी बैलगाडी जुंपली, पुढे एसटी गाठली आणि पोराला परभणीला आणले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "तेल कशात ठेवता?"

पोरगा वाचला. आज त्याला नातवंडे आहेत. पण त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी चांगला घासला होता हो." खरेच घासला होता. चूक तिच्या हातांची नव्हती. असली औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. पाण्याने विसळल्यावर पत्र्याच्या सांध्यात आणि झाकणाच्या आट्यांत जे चिकटून राहिले, ते करडईच्या तेलाने हळूहळू ओढून घेतले. आणि एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. घासताना डब्यावरचा कागदही निघून गेला होता. डबा स्वच्छ झाला, म्हणजे तो कशाचा होता हे सांगणारी एकुलती एक खूण धुऊन गेली.

एंड्रीनवर आपल्या देशात १९९० साली बंदी आली. पण औषधे बदलली तरी रिकामा डबा रिकामाच असतो आणि त्याचे झाकण आजही तसेच गच्च बसते. कीटकनाशकांच्या डब्यावर चौकटीत चार रंगांपैकी एक रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि हिरवा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत तर स्पष्टच आहे, की रिकामे डबे कुणाला पुन्हा वापरता येणार नाहीत अशा रीतीने मोडून, वस्तीपासून दूर पुरावेत. कृषी विद्यापीठातली मंडळीही हेच सांगतात. डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोक पाडा आणि तो चेपा. ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका.

खाण्याच्या तेलाच्या डब्यांबाबतही नियम आहे. एकदा वापरलेला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा खाद्यतेल भरून विकण्यासाठी पुन्हा वापरता येत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांच्या अंगावर सूज चढली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल बंद डब्यातूनच विकावे, असा आदेश निघाला. पण बंद डबा म्हणजे कुठला बंद डबा? पंधरा किलोचा चौकोनी डबा रिकामा होतो, भंगारात जातो, धुतला जातो, त्याच्या तोंडाला नवे बूच बसते आणि तो नव्यासारखा उभा राहतो. मधल्या काळात त्यात काय होते, हे डबा सांगत नाही. म्हणून डबा घेताना नुसते झाकण बघू नये. ते पहिलेच आहे का, हे बघावे. तोंडाजवळ पुन्हा डाख दिल्याची खूण, पोचे, आतून गंज आणि जुन्या तेलाचा खवट वास या गोष्टी सहज कळतात.

रिकामे डबे घरात ठेवूच नका, असे मी म्हणणार नाही. आपण गरिबीतून वर आलेली माणसे. गच्च झाकणाचा डबा टाकताना आपला जीव तुटतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बिस्किटांचा डबा खुशाल ठेवा. जो डबा कशाचा होता ते तुम्हाला पक्के ठाऊक आहे, आणि ज्यात खाण्याचीच वस्तू होती, तोच ठेवा. विषाच्या डब्याला मात्र भोक पाडा. भोक पडले की त्याच्यावर कितीही चांगले झाकण लावा, कुणालाही तो उचलावासा वाटणार नाही.

मामूंकडच्या त्या प्रसंगानंतर अम्मीने आमच्या फळीवरचे सगळे डबे खाली काढले. जो कशाचा होता ते आठवेना, तो बाजूला ठेवला. अब्बांनी खिळा आणि हातोडा घेऊन त्याला भोके पाडली. उरलेल्यांवर नावे लिहायला हवी होती, पण अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने कणकेची खळ केली आणि प्रत्येक झाकणावर आतल्या वस्तूचा एकेक दाणा चिकटवला. एकावर तूर, एकावर धना, एकावर तांदूळ. पुढे मी मोठा झालो, बी.ए. झालो, तिच्या डब्यांवर सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लावून दिल्या. अम्मीने त्या राहू दिल्या. पण दर वर्षी नवे धान्य आले की ती झाकणावरचा जुना दाणा काढून नवा चिकटवत असे.