सोयाबीनची वडी: ताटात वाढायची की ताटातून काढायची?

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. रविवारी वाचन झाले की कोणा ना कोणा घराकडून भोजनदान असते. गेल्या वर्षावासात अशाच एका रविवारी पुरी, भात आणि सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा होता. रस्सा झणझणीत झाला होता. पण पंगतीत एक मावशी आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या नातवाच्या ताटातल्या वड्या वेचून आपल्या ताटात घेत होत्या. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "पोराला नको बाई. बायकांसारखी छाती येते म्हणे. सुनेनं मोबाईलवर दाखवलं." शेजारच्या ताईने लगेच सांगितले की तिला थायरॉइड असल्यापासून घरात वड्याच येत नाहीत. तिसरीच्या जावेच्या स्तनाची गाठ काढली होती, त्यामुळे त्यांच्याकडेही सोयाबीन बंद.

त्या दिवशी पंगतीत बोलणे झाले, पण अर्धवट. वाढप चालू असताना थायरॉइड कुठे समजावून सांगणार? म्हणून या वेळचे पान सोयाबीनसाठी.

आधी वडी म्हणजे काय ते पाहू. सोयाबीनच्या दाण्यातून तेल काढून घेतले की जो कोरडा चोथा उरतो, त्याचे पीठ करून यंत्रात उष्णता आणि दाब देऊन फुगवतात. तीच वडी. तेल निघून गेल्यामुळे तिच्यात प्रथिने जास्त उरतात, १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या आसपास. तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ आणि एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. मात्र पाकिटावर छापलेला आकडा कोरड्या वडीचा असतो. वडी पाणी पिऊन फुगते, त्यामुळे वाटीभर भाजीत पाकिटाइतकी प्रथिने शोधू नका. पाव किलोच्या पाकिटात पाच माणसांच्या घराची दोन वेळची भाजी होते. म्हणजे एका वेळी माणशी २५ ग्रॅम कोरडी वडी आणि त्यातून १२-१३ ग्रॅम प्रथिने, दोन अंड्यांइतकी. ही प्रथिने दर्जानेही चांगली आहेत. चपाती-भाकरीत जो घटक कमी पडतो तो सोयाबीनमध्ये भरपूर असतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या बाईला ४१-४२ ग्रॅम. आता चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या एखाद्या ताईचा दिवस बघा. सकाळी चहा-बटर, दुपारी दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी, रात्री भात आणि पातळ वरण. त्या वरणातही डाळ बहुतेक नवऱ्या-मुलांच्या ताटात जाते आणि तिच्या वाट्याला वरचे पाणी. अशा घरात अफवेमुळे वडी बंद झाली की तिच्या जागी दुसरे काही येत नाही.

आता मावशींची भीती. ती अगदी हवेतून आलेली नाही. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाचे घटक असतात आणि त्यांची घडण बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनशी थोडी मिळतीजुळती असते. पण मिळतीजुळती म्हणजे तीच नव्हे. दुसऱ्याच्या घराची किल्ली कधी कधी आपल्या कुलपात शिरते, पण पुरती फिरत नाही, तसे हे आहे. पुरुषांवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तपासले गेले. सोयामुळे पुरुषी हार्मोन कमी झाल्याचे त्यांत दिसले नाही. मग मोबाईलवर ती गोष्ट कुठून आली? अमेरिकेत साठ वर्षांच्या एका माणसाची छाती खरोखरच वाढली होती आणि २००८ मध्ये डॉक्टरांनी ते छापले. तो माणूस रोज जवळपास तीन लिटर सोयाचे दूध पीत होता. ते बंद केल्यावर त्रास ओसरला. आठवड्यातून दोनदा रस्सा खाणाऱ्या पोराला हे उदाहरण लावायचे कशाला?

त्यातून आणखी एक गोष्ट आयांना कोणी सांगत नाही. वयात येताना बऱ्याच मुलांच्या स्तनाग्रामागे थोडी सूज येते, दुखते, शर्ट घासला तरी हुळहुळते. वडी खाणाऱ्यालाही येते, न खाणाऱ्यालाही. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. पोरगा लाजून सांगत नाही, आईला अचानक दिसते आणि आळ वडीवर येतो. सूज वाढतच गेली, किंवा एकाच बाजूला कडक गाठ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. नाहीतर पोराला वड्या आणि धीर, दोन्ही द्या. मुलींना सोयाबीनमुळे पाळी लवकर येते, असेही म्हणतात. त्यालाही ठोस पुरावा नाही.

स्तनाच्या कॅन्सरची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे चुकीच्या पथ्याने बाई आणखी खंगते. काही स्तनांचे कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढतात, हे खरे. म्हणून पूर्वी डॉक्टरही सोयाबद्दल सावध असत. मग चीनमधल्या शांघाय शहरात कॅन्सरमधून उठलेल्या पाच हजारांहून जास्त बायकांचा काही वर्षे पाठपुरावा झाला. तिथे सोयाचे पदार्थ रोजच्या जेवणातले. २००९ मध्ये निष्कर्ष आला की सोया जास्त खाणाऱ्या बायकांमध्ये कॅन्सर उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमीच होते. यावरून सोयाने कॅन्सर बरा होतो, असे कोणी समजू नये. त्या बायका इतरही काही चांगले खात असतील. पण जेवणातल्या सोयाने नुकसान होते या भीतीला त्यातून आधार मिळत नाही. केमो चालू असलेल्या बाईच्या तोंडाची चव गेलेली असते, वजन उतरलेले असते. तिला प्रथिने हवी असतात आणि आपण घरोघरी तिचे अंडे, मटण, वडी सगळे बंद करून तिला मुगाच्या पाण्यावर ठेवतो. वॉर्डात काम करताना आम्ही असे डबे खूप पाहिले. नातेवाइकांची माया त्यात असते, पण पोटाला काही नसते. फक्त सोयाच्या अर्काच्या गोळ्या, आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल असे काही आपल्या मनाने घेऊ नका. ते जेवण नव्हे.

थायरॉइडवाल्या ताईंचे थोडे खरे आहे. सोया थायरॉइड बिघडवते म्हणून नव्हे, तर ती थायरॉइडची गोळी अंगी लागण्यात अडथळा आणते म्हणून. आम्ही ताईंना विचारले, गोळी कशी घेता? म्हणाल्या, सकाळी चहाबरोबर, आणि लगेच आरोग्य केंद्रातली रक्तवाढीची लाल गोळीही. वड्या बंद करून सहा महिने झाले तरी रिपोर्ट का सुधारला नाही, ते तिथेच कळले. चहा, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, हे सगळे थायरॉइडच्या गोळीला आडवे येते. ती गोळी सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा-एक तास काही घ्यायचे नाही, चहासुद्धा नाही. लोहाची, कॅल्शियमची गोळी आणि सोयाचा पदार्थ किमान चार तासांनी. दुपारच्या जेवणात वडी खुशाल खा. मीठ मात्र आयोडीनचे, बंद पाकिटातले वापरा. सुटे खडेमीठ स्वस्त पडते, पण त्यात आयोडीनची खात्री नसते.

आम्हाला खरी भीती वाटते ती वेगळ्याच दोन गोष्टींची, आणि त्यांचे व्हिडिओ कोणी पाठवत नाही.

पहिली, कच्चे सोयाबीन. लातूर, वाशीम, यवतमाळकडून आलेल्या आपल्या बऱ्याच घरांत गावाकडून सोयाबीनची पिशवी येते. ते तसेच गव्हात मिसळून गिरणीतून दळून आणतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. चपाती तव्यावर जेमतेम मिनिट-दोन मिनिटे असते, तेवढ्यात तो पुरता मरत नाही. मग पोट फुगते, ढाळ लागतात आणि 'सोयाबीन बाधते' असे नाव होते. दाणे रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे चांगले उकळा. उन्हात खडखडीत वाळवा, मग भाजून दळायला द्या. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन पुरे. वडी कारखान्यातच उष्णतेतून गेलेली असते, तिला ही भानगड नाही.

दुसरी, पेरणीचे उरलेले बियाणे. त्याला बुरशीचे औषध चोळलेले असते आणि बहुतेकदा लाल-गुलाबी रंग दिलेला असतो. ते विष आहे. धुऊन, उकळून, वाळवूनही खायचे नाही, कोंबड्यांनाही टाकायचे नाही. गावाकडून पिशवी आली की आधी विचारा, हे खळ्यावरचे आहे की बियाण्याचे?

गंमत अशी की वडीला घाबरणाऱ्या घरांत फोडणी बहुतेक सोयाबीनच्या तेलाचीच असते. पाकिटावर वाचून पाहा. तेलात ना प्रथिने असतात ना हे आयसोफ्लेवोन, त्यामुळे त्याने त्या दृष्टीने फायदा नाही आणि तोटाही नाही. तेल म्हणून जपून वापरायचे, एवढेच. आणि चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस म्हणजे मुख्यतः मीठ. बीपीवाल्यांनी त्याच्यापासून लांब राहावे.

आता दुसरी बाजू. सोयाबीन चांगले म्हणताना आम्ही कोणाच्या ताटातले अंडे, मटण, सुकट काढायला सांगत नाही. वडीत बी-१२ नसते. लोह असते, पण ते मांसातल्या लोहासारखे सहज अंगी लागत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचे रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच आहे. कलेजी, वजडी, जवळा, बोंबील ही आपल्या घरातली जुनी खाणी त्या कामाला वडीपेक्षा सरस आहेत. ती खाताना लाजायचे काही कारण नाही. २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांस ताटातून गेले, तेव्हा 'मग सोयाबीन खा' असा सल्ला ज्यांनी दिला, त्यांना गरिबाच्या पोटाचा हिशेब माहीत नव्हता. शाळेत तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. सोयाबीन पुलाव यादीत आहे, म्हणून अंडे नको, असे कोणी पालकसभेत म्हणाले तर गप्प बसू नका. मुलाला पुलावही हवा आणि अंडेही.

वस्तीत प्रोटीन पावडरचे डबे विकणारेही फिरतात. ओळखीचीच बाई असते, म्हणून नाही म्हणवत नाही. डब्यावरची बारीक अक्षरे वाचून घ्या. पुष्कळदा आत सोयाचीच भुकटी, साखर आणि वास असतो. वडीच्या पाकिटाच्या कितीतरी पट पैसे देऊन तेच घ्यायचे का, ते तुम्ही ठरवा.

किडनीचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर प्रथिने किती खायची ते डॉक्टरांना विचारूनच. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाच्या जागी सोयाचे दूध द्यायचे नाही. लहान मुलाला पहिल्यांदा देताना थोडेच द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर बंद करा. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा खावे, रोज मूठभर खाल्ले तरी हरकत नाही. वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा, दाबून पिळा, पुन्हा साध्या पाण्यात धुऊन पिळा. तो उग्र वास जातो आणि गॅसही कमी होतो. मग कांदा-खोबरे-लसणाचे वाटण लावून मटणासारखा रस्सा करा. बारीक दाण्यांचा खिमाही छान होतो, त्यात एखादे अंडे फोडून टाकले तर पोरे बोटे चाटतात. जेवताना वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह जास्त अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा.