पेंड इथली, यंत्र परके : धार-देवासमधील वराहपालनाच्या खुराकाचा मागोवा

पवारांच्या धार आणि देवास या संस्थानांचा जो मुलूख १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाला, तिथे डुक्कर पाळणे हे शेतीचे अंग म्हणून क्वचितच मानले गेले. वस्तीच्या कडेला राहणाऱ्या आणि बहुतांशी सफाईकामाशी जखडल्या गेलेल्या कुटुंबांची देशी जनावरे मोकळी हिंडत, उष्ट्या-खरकट्यावर वाढत आणि त्यांच्या खाण्यावर मालकाला जवळजवळ काहीच खर्च येत नसे. ज्या जनावराला खुराक घातलाच जात नव्हता त्याच्यासाठी खुराक मोजणाऱ्या यंत्राची गरज निर्माण होणे शक्य नव्हते, आणि म्हणून या भागात स्वयंचलित आहारतंत्राचा मागोवा घेताना आधी खुराकाचा कच्चा माल असलेल्या सोयाबीनच्या पेंडीकडे वळावे लागते.

१९७० नंतर माळव्याच्या काळ्या जमिनीत, खरिपात पडीक ठेवल्या जाणाऱ्या रानांतून, सोयाबीन झपाट्याने पसरले. १९७९ मध्ये इंदूरला सोयाबीन प्रक्रियादारांची संघटना उभी राहिली, १९८७ मध्ये तिथेच राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र आले आणि देवासच्या औद्योगिक वसाहतीत द्रावकाने तेल काढणारे कारखाने चालू झाले. तेल निघाल्यावर उरणाऱ्या पेंडीत साधारण ४५ टक्के प्रथिने असतात, आणि मक्यात कमी पडणारे लायसिन, म्हणजे स्नायूंच्या वाढीला लागणारे अमिनो आम्ल, ती भरून काढते. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अटकाव करणारे घटक असल्यामुळे ते भाजल्याशिवाय डुकरांना चालत नाही. धारच्या पश्चिमेकडील तालुक्यांत मका पिकतो आणि देवासला पेंड तयार होते, म्हणजे आदर्श खुराकाचे दोन्ही आधार हाताशी होते. तरीही ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि जहाजांतून आग्नेय आशियात गेली. या साऱ्या मागोव्यातली सर्वांत बोलकी विसंगती हीच म्हणावी लागेल.

मोजून घातलेल्या खुराकावर वाढणाऱ्या संकरित जनावरांचा विचार सरकारी पातळीवर आधीच चालू झाला होता. १९७०-७१ मध्ये आरंभलेल्या अखिल भारतीय समन्वित वराह संशोधन प्रकल्पाच्या पहिल्या केंद्रांत जबलपूर होते.

खुराक मोजणारे यंत्र मात्र परदेशात घडले : युरोपात १९८० च्या दशकात कानातल्या बिल्ल्यावरून मादी ओळखणारे आहारकेंद्र आले. कोठारातून मळसूत्री नळीने आलेला खुराक, एका वेळी एकाच मादीला आत घेणाऱ्या कप्प्यात, तिच्या नावावरच्या मापानेच पडतो. गाभण मादीला दिवसाला दोन-अडीच किलो पुरतात, पाजत्या मादीला त्याच्या दुपटीहून अधिक लागतात, आणि कळपात दांडगी मादी दुबळीचा वाटा खाते. ११४ दिवसांच्या गर्भकाळात मादी फार लठ्ठ झाली तर विताना त्रास होतो, पाजताना फार रोडावली तर पुढचा माज लांबतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१३ पासून गाभण माद्यांना, पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा शेवटचा आठवडा वगळता, गटात ठेवणे बंधनकारक केल्यावर या यंत्रांचे महत्त्व वाढले.

अशा एका केंद्रावर पन्नासएक माद्या खातात. आठ-दहा माद्यांच्या घरगुती फार्मला ते परवडण्यासारखे नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या व १० नरांच्या घटकाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये, अनुदान ठरले, म्हणजे धोरणाच्या नजरेसमोरही मोठाच फार्म होता. दरम्यान २०२० मध्ये देशात आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील रीव्यात पोहोचलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरने, ज्याच्यावर औषध नाही, हॉटेलातले खरकटे घालणे धोक्याचे करून टाकले आणि लहान पालकालाही विकतच्या खुराकाकडे ढकलले. अशा पालकाला आज उपयोगी पडते ते विजेविना चालणारे साधन : वाढत्या पिलांसाठी, खाल्ले तसे वरून आपोआप उतरत राहणारे नरसाळ्याच्या आकाराचे पिंप, आणि माद्यांसाठी आडव्या नळ्यांनी पाडलेले स्वतंत्र खण, ज्यांत खुराक तोलून हातानेच घातला जातो. पिंपातही पावसाळ्यात दमट भरडा चिकटून अडतो आणि मक्याला बुरशी धरली तर तिच्या विषाने माद्यांचा माज बिघडतो, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात दोन-तीन दिवसांपुरताच भरडा भरणे इष्ट ठरते.