मिठाची खबर मेंदूला कशी लागते?

■ पहारा : मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या भिंतीत काही इवल्या जागांवर रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर विरळ असतो. रक्तातले सोडियम वाढले की तिथल्या पेशींना थेट कळते.

■ निरोप : तो हायपोथॅलॅमसमार्गे मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या मेड्युलात पोहोचतो.

■ परिणाम : सिम्पथेटिक नसा जोर करतात. रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो.

■ परिणाम सगळ्यांवर सारखा नाही : १९६० च्या दशकात अमेरिकेत संशोधक लुईस डाल यांनी उंदरांचे दोन वंश वाढवले. खारट आहारावर एकाचा दाब भडकला, दुसऱ्याचा फारसा हलला नाही.

■ मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, लोणचे-पापडातलेही धरून.