छर्‍याची जुनी बंदूक: काय जपायचं आणि काय बदलायचं

आपल्या मंडळात कुणी नाणी जमवतं, कुणी निजामाच्या काळातले स्टँपपेपर. मी छर्‍याच्या जुन्या बंदुका जमवतो म्हटलं, की माणसं जरा मागे सरकतात. "लायसन आहे का?" हा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त आहे, उत्तर पुढे येईलच.

आपल्या शहराला बंदुकीचं नवल नाही. १७८६ साली फ्रेंच सेनानी रेमंडनं इथे तोफा ओतायचा कारखाना काढला. गनफाउंड्री हे नाव त्यावरूनच पडलं. सालारजंग संग्रहालयात शस्त्रांचं दालनही आहे. मला मात्र नाद आहे तो घरगुती बंदुकीचा. माझ्याकडच्या चारपैकी तीन काचीगुडा आणि सुलतान बाजारातल्या मराठी घरांच्या माळ्यावरून आल्या. चौथी जुमेरात बाजारात, लोखंडाच्या भावात मिळाली.

या बंदुकीत दारू नसते. खालचा दांडा ओढला की जाड स्प्रिंग दबते. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दबलेली हवा छर्‍याला ढकलते. दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो. तो वाळला की बंदुकीचा जोर जातो, म्हणून जुने लोक त्याला तेलाचा थेंब देत.

बीएसए म्हटलं की आपल्याला मोटरसायकल आठवते, पण बर्मिंगहॅमची ही कंपनी १८६१ साली निघाली ती बंदुकांसाठीच. लिंकन जेफ्रीज यांच्या १९०४ च्या पेटंटवरून तिनं १९०५ पासून एअर रायफली बाजारात आणल्या. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण दिसली, की ती बीएसए. नळीचं माप आकड्यानं ओळखायचं: १ म्हणजे .१७७, २ म्हणजे .२२. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनं पाइपांबरोबर एअर रायफलीही बनवल्या. त्याही आता जुन्यांत जमा झाल्या आहेत.

कारखान्यातून आली तशीच राहिलेली बंदूक क्वचित सापडते. अक्रोडाचा मूळ दस्ता फुटला की इथल्या सुतारानं शिसवीचा करून दिलेला असतो. मुलाच्या हाताला बसावा म्हणून कुणी दस्ता आखूड केलेला असतो. बाहेरचे संग्राहक अशा फेरफारांना खोट मानतात. सुरुवातीला मीही तेच मानत होतो.

पहिली बंदूक मी घरी आणली आणि आठवडाभर पॉलिशपेपरनं घासली. दस्त्यावर चाकूनं कोरलेल्या दोन रेघा होत्या, त्या ओरखडे समजून काढून टाकल्या. नवं पॉलिश चढवून ज्या घरून ती मिळाली त्यांना मोठ्या हौसेनं दाखवायला नेली. घरातल्या आजींनी हात फिरवला आणि विचारलं, "यावर आमच्या बाबांची अक्षरं होती, ती कुठं गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घासायच्या आधी फोटोसुद्धा काढला नव्हता.

तेव्हापासून नियम केला आहे. एकही स्क्रू फिरवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. घरच्यांना विचारून कोणी आणली, कोणी दुरुस्त केली, ते लिहून घ्यायचं. गंज थांबवायचा, डाग मात्र राहू द्यायचे. वायसर बदलला तर जुना पाकिटात घालून बंदुकीबरोबर ठेवायचा.

आता लायसनचं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ च्या आतली आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. म्हणजे आजोबांची .२२ ची बीएसए कितीही निरुपद्रवी वाटली, तरी परवान्याच्या कक्षेत येते. कुणी हौसेनं जाड स्प्रिंग बसवली असेल, तर .१७७ लाही जोराची मर्यादा ओलांडता येते. मला एका घरातून .२२ देऊ केली होती. मी ती घेतली नाही. आधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा, असं सांगून आलो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर पाखरांवर नेम धरायचा काळही संपला आहे.

जुमेरात बाजारातल्या बंदुकीच्या दस्त्याला पितळी तारेचे सात वेढे आहेत. खालचं लाकूड तडकलेलं आहे. तार कुणी गुंडाळली ते कळायला मार्ग नाही, पण मी ती सोडवणार नाही.