स्कीचे वजन आणि लांबचा दिवस

‘स्की’ म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातला एखादा प्रसंग उभा राहतो. रंगीबेरंगी कपडे घातलेली माणसे तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरमाथ्यावर जातात आणि पायांत लांब फळ्या अडकवून भुर्रकन खाली येतात. वर नेण्याचे काम यंत्राचे, खाली येण्याची मौज माणसाची. आज आम्हांला ज्या स्कीविषयी सांगायचे आहे, ती याहून निराळी. जेथे पाळणा नाही, तार नाही, रस्ताही नाही, अशा बर्फाच्या डोंगरात त्याच फळ्यांवर स्वतःच्या पायांनी चढायचे, खिंड ओलांडायची आणि पलीकडे उतरायचे, असा एक जुना प्रकार आहे. त्याला स्की-गिर्यारोहण म्हणतात. त्यासाठी फळी कशी निवडावी, हा आजचा विषय.

कोणी विचारील, की हमाल आणि कामगार यांच्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या विषयात का पडावे? आमचे उत्तर असे की, हा विषय वरून खेळाचा दिसला तरी मुळात ओझ्याचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३४ वे कलम होते. इजा होईल इतके जड ओझे कोणत्याही कामगाराला उचलायला लावू नये, असे त्यात म्हटले होते. मालधक्क्यावर मात्र आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. पोते सकाळी जेवढ्या वजनाचे असते, तेवढ्याच वजनाचे ते संध्याकाळी असते. पण ते उचलणारा माणूस संध्याकाळी तोच राहिलेला नसतो. ओझ्याचा हिशेब किलोने जितका करायचा, तितकाच तो तासांनीही करायचा असतो. स्कीची निवडही याच हिशेबाने केली पाहिजे.

प्रथम हे चढणे कसे होते ते पाहू. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची एक केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, म्हणून हे नाव. आता ती मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, किंवा नायलॉनची, किंवा दोहोंच्या मिश्रणाची असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. एका दिशेने तो सुळकन जातो, उलट दिशेने अडतो. तसेच येथे आहे. फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी असते, चवडा मात्र बांधलेला. माथ्यावर पोचल्यावर पट्टी काढून घडी करायची, टाच अडकवायची आणि उतरायचे.

युरोपातल्या आल्प्स पर्वतात या प्रकाराला शंभराहून अधिक वर्षे झाली. १८९७ च्या जानेवारीत विल्हेल्म पाउल्के आणि त्याचे सोबती स्वित्झर्लंडमधल्या बर्नीज ओबरलांडच्या हिमनद्या स्कीवरून पार करून गेले. फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटपर्यंत जाणारी ‘ओत रूत’, म्हणजे उंचावरची वाट, आज जगभरच्या स्की-गिर्यारोहकांना ठाऊक आहे. तिला साधारणपणे सहासात दिवस लागतात. १९४३ साली स्विस सैन्याने झेरमाट ते व्हेर्बिए अशी एक शर्यत सुरू केली. अंतर ५७ किलोमीटरांच्या वर आणि चढ ४३०० मीटरांहून अधिक. १९४९ साली तिच्यातले तीन जण हिमनदीच्या भेगेत पडून दगावले. त्यानंतर ती बंद झाली, ती १९८४ साली पुन्हा सुरू झाली. लांबचा दिवस म्हणजे काय, हे यावरून ध्यानात येईल.

आता हिशेबाकडे वळू. एका दिवसात १५०० मीटर उंची चढायची आहे असे समजा. चांगली वाट साधारण बारा-तेरा अंशांनी चढते. म्हणजे प्रत्यक्ष चाल सुमारे ७ किलोमीटरांची होते. एक पाऊल ७० सेंटिमीटरांचे धरले, तर १०,००० पावले; प्रत्येक पायाला ५,०००. आता एका पायातली फळी, बाइंडिंग आणि बूट मिळून दुसऱ्या संचापेक्षा अर्धा किलो जड असतील, तर त्या एका पायाने दिवसभरात अडीच टन जादा वजन पुढे रेटले. फळी उचलायची नसते, सरकवायची असते, तेव्हा हे अडीच टन क्रेनने उचललेले नव्हेत, हे खरे. तरीही प्रत्येक पावलागणिक ते वजन थांबते आणि पुन्हा हलवावे लागते. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंबरोबर, असा गिर्यारोहकांचा एक जुना ठोकताळा आहे. तो काट्यावर तोललेला नसला, तरी त्याचा रोख बरोबर आहे.

थकव्याहूनही मोठा प्रश्न वेळेचा असतो. वसंत ऋतूत रात्री बर्फ गोठून घट्ट होतो आणि सकाळी ऊन लागले की वरून मऊ पडू लागतो. दुपार चढली की ओला, जड झालेला थर उतारावरून सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून आल्प्समधली मंडळी पहाटे अंधारात निघतात आणि दुपारच्या आत धोक्याचे उतार मागे टाकतात. ताशी ३७५ मीटर चढणारा माणूस १५०० मीटर चार तासांत चढेल. थकून त्याचा वेग ३०० वर आला, तर पाच तास लागतील. तो एक तास कोणी परत देत नाही.

तर मग सर्वांत हलकी फळी घ्यावी आणि मोकळे व्हावे, असे वाटणे साहजिक आहे. पण येथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे. फळीचे वजन चढताना शत्रू असते, उतरताना ते बऱ्याच अंशी मित्र असते. कडक, खडबडीत बर्फावरून उतरताना फळी थरथरते. जड फळी हे हादरे स्वतःत जिरवते; अतिहलकी फळी ते सरळ गुडघ्यांकडे पाठवते. सहा तास चढून आलेल्या मांड्यांना हे हादरे सोसावे लागतात. कारखान्यात आम्ही पाहिले आहे, की पाळीच्या शेवटी हात चुकतो, त्या वेळी यंत्राला चांगली जाळी असावी लागते. फळीचेही तसेच. ताज्या पायांनी दुकानाजवळच्या उतारावर जी फळी उत्तम वाटते, ती दमलेल्या पायांना सांभाळून घेईलच असे नाही. निवड करायची ती दिवसाच्या शेवटच्या तासासाठी.

ही गोष्ट मनात धरून आता मापे पाहू. सुमारे १७० सेंटिमीटर लांबीची एक फळी १००० ग्रॅमच्या खाली असेल, तर ती शर्यतीची किंवा फार कसलेल्या माणसाची. १००० ते १३०० ग्रॅम हा लांबच्या दिवसांसाठी मधला, समंजस पट्टा. १४०० च्या पुढची फळी उताराची मौज मुख्य मानणाऱ्यांची. यातली मेख अशी, की १६०० वरून १२०० वर येताना पुष्कळ मिळते आणि थोडे जाते. १२०० वरून ९०० वर येताना थोडे मिळते आणि पुष्कळ जाते. शिवाय शेवटच्या शंभर ग्रॅमांसाठी खिसाही सर्वांत जास्त रिकामा होतो.

फळीच्या पोटात बहुधा लाकूडच असते. हलकेपणासाठी पौलोनिया, बळकटीसाठी ॲश किंवा बीच, मधल्या मार्गासाठी पॉप्लर. त्यावर काचतंतूंचे वा कार्बनतंतूंचे थर, खाली प्लास्टिकचा तळ, दोन्ही बाजूंना पोलादी कडा. हे थर माणसे हातांनी साच्यात रचतात आणि मग उष्णतेने व दाबाने ते एकजीव होतात. कार्बनने फळी ताठ आणि हलकी होते, पण हादरे जिरवण्याचे काम त्याला फारसे येत नाही. म्हणून जाहिरातीतल्या ‘कार्बन’ या शब्दाने भुलू नये. लाकूड कोणते आणि पायाखालच्या भागात मजबुती किती, हे विचारावे. बाइंडिंगचे स्क्रू तेथेच बसतात, आणि डोंगरात स्क्रू उपटला तर दुरुस्तीचे दुकान नसते.

रुंदी पायाखाली मोजतात. ८० ते ९० मिलिमीटर हे माप लांबच्या वाटांना आणि वसंतातल्या कडक बर्फाला मानवते. ९५ च्या पुढची फळी खोल, भुसभुशीत बर्फावर छान तरंगते. पण तिचे वजन वाढते, तिची स्किनही रुंद व जड लागते, आणि तिरक्या कडक उतारावर तिची कड रोवताना घोट्यावर ताण येतो. लांबी आपल्या उंचीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर कमी असावी. चढाच्या वळणावर एकेक फळी उचलून उलट दिशेला फिरवावी लागते, तेव्हा आखूड फळीचा उपयोग कळतो. पुढचे टोक थोडे उचललेले असावे, म्हणजे मऊ बर्फात ते रुतत नाही. पण पायाखाली कमान हवी, म्हणजे बर्फावर कड पूर्ण लांबीने धरते. मागचे टोक शक्यतो सपाट असावे. स्किनचा आकडा त्यावर नीट बसतो, आणि वेळप्रसंगी फळी बर्फात उभी रोवता येते.

एकटी फळी पाहून मात्र सौदा करू नये. पूर्वीच्या चौकटीच्या बाइंडिंगमध्ये प्रत्येक पावलाला टाचेबरोबर अख्खी चौकट उचलावी लागे. ऑस्ट्रियातल्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात बुटाच्या टोकाला दोन बाजूंनी पकडणाऱ्या खिळ्यांचे बाइंडिंग तयार केले. ते पुढे डायनाफिट कंपनीने बाजारात आणले. आता चौकट गेली, नुसती टाच वर येते. या एका सुधारणेने चढणाऱ्यांचे जितके श्रम वाचवले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने वाचवले असतील. बूटही त्याच तोलाचा हवा. हलक्या, लवचिक बुटाने जड, रुंद फळी हाकणे म्हणजे बारक्या दोरीने बैल आवरणे. स्किनमध्ये मोहेर चांगले घसरते, नायलॉन चांगले धरते व जास्त टिकते. नवख्याने मिश्रण घ्यावे. कडक चढासाठी स्कीला लावायचे लोखंडी काटे सोबत असावेत.

आता जेथे वजन मुळीच कमी करायचे नाही, त्या गोष्टी. हिमस्खलनात गाडलेल्याचा ठाव सांगणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे ही तीन प्रत्येकाजवळ हवीत. बर्फाखाली गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला नाही, तर वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. म्हणजे मदत सोबत्यांचीच, बाहेरची नव्हे. बहुतेक घातक उतार ३० ते ४५ अंशांचे असतात, तेव्हा उताराचा कोन मोजण्याचे साधनही हवे. ऊबदार कपडे आणि आडोशाची पिशवी यांतही काटकसर करू नये. २०१८ च्या एप्रिलअखेर ओत रूतवर पीन्य दारोला शिखराजवळ चौदा जणांना वादळाने गाठले. निवाऱ्याची झोपडी फार दूर नव्हती, पण वाट सापडली नाही. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि सात जण मरण पावले. त्यांच्या फळ्यांचा यात काही दोष नव्हता. सांगायचे ते एवढेच, की पायांतून वाचवलेले वजन वेळेसाठी वाचवायचे असते, आणि वाचलेला वेळ हवामान बिघडण्याआधी परतण्यासाठी खर्च करायचा असतो.

आपल्या देशातही हा विषय परका नाही. १९४८ साली जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्गला लष्कराची स्की-शाळा निघाली. तीच आजची उच्च पर्वतीय युद्धशाळा. आपल्याकडची तरुण मंडळीही आता गुलमर्गला आणि औलीला जातात. गुलमर्गचा पाळणा अफरवट डोंगरावर जवळजवळ ४००० मीटरांपर्यंत नेतो, आणि भर हिवाळ्यात तेथला बर्फ खोल व कोरडा असतो. पाळण्याने वर जाऊन थोडेसेच चढायचे असेल, तर ९५-१०० मिलिमीटरची जरा जड फळी तेथे शोभते. दिवस बदलला की फळी बदलते. म्हणून ‘सर्वांत चांगली स्की कोणती?’ या प्रश्नाला अर्थ नाही. आपला दिवस किती मीटरांचा, किती तासांचा आणि कोणत्या बर्फाचा, हे आधी कागदावर लिहावे.

नंतरचा क्रम असा. प्रथम बूट पायाला बसवून घ्यावा, कारण बोचणारा बूट कोणत्याही ग्रॅमांनी भरून निघत नाही. मग त्याला पेलेल अशी फळी, मग बाइंडिंग, शेवटी फळीच्या मापाने कापलेली स्किन. विकत घेण्यापूर्वी भाड्याने घेऊन एक पूर्ण दिवस चालावे, आणि निकाल चढाच्या पहिल्या वळणावर न देता, शेवटच्या उतारावर, पाय दमलेले असताना द्यावा. तेव्हा जी फळी सांगाल तेथे वळते, ती आपली. तिचे वजन शेजाऱ्याच्या फळीपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त भरले, तरी खंत करण्याचे कारण नाही.